मोडनिंबच्या फलाटावरचा लिंब

अकलूजला रेल्वे नाही. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला हे ऐकलं, पुढे शिक्षिका झाल्यावर मीच मुलांना सांगितलं, आणि आता साठी उलटली तरी ते तसंच खरं आहे. नीरेकाठचं एवढं नांदतं गाव. कारखाना आहे, घोड्यांचा बाजार भरतो, लावणीच्या स्पर्धेला महाराष्ट्र लोटतो, तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून आमच्याकडे येते आणि गोल रिंगण होतं. पण गाडी धरायची म्हटलं की आजही एसटीनं टेंभुर्णीमार्गे कुर्डुवाडी गाठायची, नाहीतर पंढरपूर.

त्यामुळे गेल्या वर्षी पुण्याहून भाच्याचा फोन आला आणि त्यानं विचारलं, "मावशी, कुर्डुवाडी-पंढरपूरची छोटी गाडी तुला कितपत आठवते?" तेव्हा मला आधी हसू फुटलं आणि मग गळा दाटून आला.

"कितपत म्हणजे? तीन वर्षं अप-डाऊन केलंय मी तिनं."

"मग वही घेऊन बस," तो म्हणाला.

संगणकावर रेल्वे चालवायचे खेळ असतात. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही. समोर ड्रायव्हरची केबिन, पुढे रूळ, आणि काम एकच: वेळापत्रक सांभाळून गाडी न्यायची, फलाटाला नीट लावायची. जपानात १९९६ साली आलेला 'डेन्शा दे गो' तर गाडी ठरल्या खुणेवर, ठरल्या सेकंदाला थांबवण्यासाठीच खेळला जायचा. अशा खेळांसाठी खरे मार्ग मापात उतरवणारी हौशी मंडळी जगभर आहेत. भाचा आणि त्याचे दोस्त त्यांतलेच. नोकऱ्या सांभाळून रात्री हे उद्योग करतात. त्यांनी ठरवलं होतं की या खेपेला रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा, आपल्याकडचा एक मार्ग करायचा. प्रत्येकानं एक सुचवायचा, त्याचा लेखी प्रस्ताव द्यायचा. अट एवढीच, की मार्ग खरा असला पाहिजे.

साहजिकच बहुतेकांनी मुंबई सुचवली. सीएसएमटी ते कल्याण. चार रुळांवर धीम्या आणि जलद गाड्यांची गुंफण. कुणी हार्बर सुचवली, कारण ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची लोकल व्हीटी-कुर्ला अशी तिथेच धावली आणि नुकतीच त्याला शंभर वर्षं झाली. एकानं १९७८ पासूनची पुणे-लोणावळा लोकल मांडली. सगळेच मार्ग मोलाचे आहेत आणि कधीतरी ते व्हावेत असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या भाच्यानं सुचवली बार्शी लाइट. जिचे रूळ आता जमिनीवर नाहीत, ती.

त्याच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

२००३ साली माझ्या बहिणीच्या घरी संगणक आला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच असावा. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा. कुठूनतरी त्यानं मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या चकत्या मिळवल्या. २००१ साली निघालेला तो खेळ. त्यात सहा मार्ग होते: इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल, ऑस्ट्रियातला आल्प्सचा, अमेरिकेतले दोन आणि जपानमधले दोन. त्या जपानी मार्गांपैकी एक होता तोक्योतून हाकोनेकडे जाणारा ओदाक्यू, चाकरमान्यांच्या गाड्यांचा. भाच्याला बाकी डोंगरदऱ्या नकोच असायच्या. शाळेतून आला की दप्तर टाकायचं आणि शिंजुकूहून गाडी सोडायची. ज्या तालुक्याच्या मुख्य गावात रेल्वेची शिट्टी कधी ऐकू आली नाही, तिथला पोरगा रोज दुपारी तोक्योच्या माणसांना घरी पोचवत होता.

भारनियमनाचे दिवस होते ते. दिवसाचे तासन्‌तास वीज जायची आणि तिचं वेळापत्रक त्याच्या गाडीच्या वेळापत्रकाच्या आड यायचं. वीज गेली की यूपीएस टीं-टीं करायला लागायचा. तेवढ्या दहा मिनिटांत पुढचं स्टेशन गाठून खेळ साठवायची त्याची कोण धडपड! मी एकदा शेजारी बसले होते. गाडी फलाटाला लागली, त्यानं एंटरची कळ दाबली, पडद्यावर वेळ सरकायला लागला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"माणसं चढतायत."

"कुठायत? मला तर कुणीच दिसेना."

"दिसत नाहीत गं. एंटर दाबलं की चढली असं समजायचं."

"पण कोण चढलं?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की या बाईला खेळातलं काही कळत नाही. मग वीज गेली. तो प्रश्न मात्र त्याच्या डोक्यात राहिला असावा, कारण बावीस वर्षांनी वहीत पहिली ओळ त्यानं मला तीच लिहायला लावली: कोण चढलं?

पुढे त्या खेळासोबत मिळणाऱ्या साधनांनी तो स्वतः मार्ग करायला शिकला. त्यानं केलेला पहिला मार्ग होता फलटण-पंढरपूर. हा मार्ग आमच्या तालुक्याच्या बालपणापासूनचा सोबती आहे. लोणंद-फलटण-पंढरपूर रेल्वे होणार हे आमच्या आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं. इंग्रजांच्या काळातली मोजणी कुठल्या बांधावरून गेली ते जुनी माणसं हात करून दाखवायची. नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी ती जायची. भाच्यानं खेळात ती अकलूजवरून वळवली आणि नीरेच्या अंगाला छानसं स्टेशन बांधलं. २०१९ मध्ये लोणंद ते फलटण गाडी खरोखर सुरू झाली, २०२१ मध्ये पुण्याहून थेट फलटणची झाली. फलटणच्या पुढे मात्र अजून वाटच बघायची आहे. या वेळी त्याच्या मनात पुन्हा तोच मार्ग आला होता, पण अटीत 'खरा' हा शब्द होता. तो हिरमुसला. मग त्याला मावशीची गाडी आठवली.

बार्शी लाइटची गोष्ट तशी मोठी आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन १८६० मध्येच आली, पण बार्शीसारखी व्यापारी पेठ तिच्यापासून बाजूला राहिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज एंजिनिअरनं ध्यास घेतला की स्वस्तात, हलक्या रुळांची, अडीच फुटी गेजची लाइन टाकून बार्शी जोडायची. त्याचं गणित सोपं होतं. एंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही; मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. लोकांना पटावं म्हणून त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथं नमुन्याचे रूळ टाकून गाडी पळवून दाखवली. म्हणजे आमची गाडी माढा तालुक्यात येण्याआधी तिकडे एका माळावर लुटुपुटुची धावली होती. भाच्याला ही गोष्ट फार आवडते. तो म्हणतो, ते त्या काळातलं सिम्युलेटरच.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. १९०६ मध्ये फाटा पंढरपूरकडे निघाला, १९११ मध्ये दुसऱ्या टोकाला लातूर आलं आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ करत गाडी मिरजेला पोचली. सव्वातीनशे किलोमीटरची ती लाइन लंडनच्या कंपनीच्या मालकीची होती. १९५४ मध्ये सरकारनं ती घेतली. कॅलथ्रॉपनं याच मापाची दुसरी लाइन इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात बांधली होती. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तीस वर्षांत बंद पडली. आता तिच्या वाटेवरून लोक पायी फिरतात. आमची मात्र शंभर वर्षं राबली.

माझे मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. छोट्या लाइनची एंजिनं आणि डबे तिथे दुरुस्त व्हायचे. मामा घरी आले की आधी तेलानं काळे झालेले हात सुताच्या बोळ्यानं पुसायचे, मग रॉकेलनं, मग साबणानं, आणि तरी भाकरी मोडताना नखांच्या कडा काळ्याच दिसायच्या. १९८३ मध्ये मला मोडनिंबला शिक्षिकेची नोकरी लागली. एकट्या मुलीनं खोली घेऊन राहायचं नाही असं घरी ठरलं आणि मी मामांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. सकाळी छोट्या गाडीनं मोडनिंब, संध्याकाळी परत. लग्न होऊन अकलूजला परत येईपर्यंत तीन वर्षं.

भाच्याला मी हे सांगायला बसले तेव्हा त्याचे प्रश्न वेगळे होते. डबे किती? एंजिन कोणतं? स्टेशनात रूळ किती, सांधे कुठे? चढ कुठे लागतो? मला काय कळणार? पण एक-एक आठवत गेलं. एंजिन वाफेचं होतं, नंतर डिझेलही दिसायला लागलं. मोडनिंबच्या आधी एका ठिकाणी एंजिनाचा श्वास जड व्हायचा, तिथे चढ असणार. भाच्यानं उपग्रहानं मोजलेल्या उंचीच्या नोंदी काढून बघितल्या तर तिथे खरंच जमीन उचलत गेली होती. त्या दिवशी आम्ही दोघंही फोनवर ओरडलो.

डबा कसा होता ते मात्र मला नखशिखांत सांगता आलं. लाकडी बाकं, आणि रुंदी इतकी बेताची की समोरच्या बाईच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचाच. मोठ्या गाडीत माणूस शेजारी बसून परका राहू शकतो. इथे ती सोयच नव्हती. खिडकीशी बसलं की कोळशाचा कण डोळ्यात जायचा. मग कुणीतरी पदराच्या टोकाचा गोळा करायचं, त्यावर तोंडाची वाफ घालायचं आणि डोळ्यावर धरायचं. तीन वर्षांत माझ्या डोळ्यावर किती जणींचे पदर लागले असतील त्याची गणती नाही. त्या पदरांना रॉकेलचा, कांद्याचा, पावडरीचा वास असायचा आणि वासावरून मी सांगू शकायचे की कोण आहे.

कोण चढलं, हे तर मी झोपेतही सांगेन. कुर्डुवाडीला आम्ही तिघी शिक्षिका आणि पंढरपूरच्या कचेरीत जाणारे दोन पासवाले कारकून. त्यांची जागा दरवाजाजवळची, ती कुणी घेत नसे. दुधाच्या किटल्या घेऊन चढणारे दोघे भाऊ. किटल्या दाराच्या कडीला लटकवायचे आणि त्या गाडीच्या तालावर वाजत राहायच्या. कडक चहाची किटली घेऊन एक म्हातारा, जो तिकीट काढायचा आणि तपासनिसाला चहा पाजून पुन्हा पैसेही घ्यायचा. थंडीत हुरड्याच्या पिशव्या, पुढे बोरं. आषाढी-कार्तिकीला गाडी आमची राहायची नाही. टपापर्यंत वारकरी, टाळांचा आवाज, आणि आम्ही पासवाले कोपऱ्यात अंग चोरून. भीमेवरचा पूल आला की सगळा डबा एकदम हात जोडतो असं ते कारकून सांगायचे. सुट्टीच्या दिवशी मी एकदा मुद्दाम पंढरपूरपर्यंत गेले आणि बघितलं.

आणि ती मुलगी. मोडनिंबहून पंढरपूरला कॉलेजला जाणारी. आम्ही उतरायचो तेव्हा तिची चढायची वेळ. घर स्टेशनापासून लांब, सकाळचं गुरांचं सगळं उरकून यायची. रोज उशीर. लांबून एका हातात वह्या, दुसऱ्या हातानं अर्धी घातलेली वेणी धरून ती पळत येताना दिसायची. एंजिन शिट्टी द्यायचं. गार्ड मागच्या डब्याच्या पायरीवर उभा, हिरवी झेंडी गुंडाळलेलीच. तो तिच्याकडे बघतही नसे, घड्याळाकडेही नाही. दूर कुठेतरी बघत राहायचा. तिचा पाय पायरीवर पडला की झेंडी उलगडायची. दीड मिनिट असेल, कधी दोन.

तिच्या वडिलांनी तिला कॉलेजला घातलं ते या गाडीच्या भरवशावर. ते स्वतः मला म्हणाले होते की, बाई, गाडीतली सगळी माणसं माहितीतली आहेत, गार्ड माहितीतला आहे, म्हणून पाठवतो. ती बीए झाली. ज्या वर्षी तिचा निकाल लागला त्या वर्षी मी मोडनिंब सोडलं.

नव्या शतकाच्या तोंडावर कुर्डुवाडी-पंढरपूर लाइन मोठी करायचं काम निघालं. २००८ मध्ये बार्शीकडचीही मोठी गाडी सुरू झाली, मग मिरजेकडचा भाग झाला. गेज बदलणं गरजेचंच होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून छोटीत आणि छोटीतून मोठीत पोतं न्‌ पोतं हमालांच्या पाठीवरून जायचं; त्या पाठी मी बघितल्या आहेत. मिरजेच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर रात्र-रात्र बसावं लागायचं. पण रूळ उखडले आणि नवे पडले या मधल्या काळात जी माणसं पांगली ती पुन्हा गाडीकडे आली नाहीत. कुणी एसटीचा पास काढला, कुणी वडाप धरलं, पोरांनी मोटारसायकली घेतल्या. एसटी होती, वडाप होतं, सगळं होतं. पण बापाच्या माहितीतला गार्ड नव्हता.

गेल्या थंडीत भाचा मला घेऊन कुर्डुवाडीला गेला. प्रस्तावाला फोटो हवे होते आणि आजचा मार्ग मोजायचा होता. चाळीस वर्षांनी मी त्या दिशेनं गाडीत बसले. आम्हाला पंढरपूर गाठायला अडीच-तीन तास लागायचे. आता तासाभरात गाडी पोचते. वर विजेची तार आहे. डबा रुंद, पंखे चालू, समोरच्या बाईचा आणि माझा गुडघा लागायचा प्रश्नच नव्हता. ती मोबाइलवर लेकीशी बोलत होती. मी तिला विचारलं, रोज येता का? म्हणाली, छे, देवाला चाललोय, पहिल्यांदाच बसलोय या गाडीत.

बाहेरचं तर ओळखूच येईना. माझ्या आठवणीतला तो प्रदेश म्हणजे दोन्ही अंगाला शाळूचं रान. माघात कणसं भरली की गाडीच्या वाऱ्यानं सगळं रान एका बाजूला कलायचं. उजनी धरण माझ्या नोकरीच्या आधीच बांधून झालं होतं, पण कालव्याचं पाणी रानोरान खेळायला वेळ लागला. आता जिकडे बघावं तिकडे ऊस, मध्येच डाळिंबाच्या बागा, केळी. उसानं दोन्ही बाजूंनी भिंत घातल्यासारखी झालीय. पलीकडचं गाव दिसत नाही. माणसांच्या हातात पैसा आला, घरं पक्की झाली, आणि शाळू दिसेना. भाचा वहीत लिहीत होता: 'तेव्हा – ज्वारी, उंची पाच फूट, हिरवट पिवळी. आता – ऊस, उंची दहा फूट, गडद हिरवा.' खेळात देखावा भरायचा तर हेही मापात लागतं.

मोडनिंबला आम्ही उतरलो. स्टेशन नवं, फलाट पक्का आणि उंच. आमच्या वेळी फलाट म्हणजे मुरूम टाकून सपाट केलेला पट्टा, त्याच्या टोकाला एक लिंब आणि लिंबाखाली रांजण. लिंब दिसला नाही. मी बराच वेळ शोधला. जुनी लाइन नेमकी कुठून जायची तेही नीट कळेना.

प्रस्ताव पाच पानांचा झाला. भाच्यानं तो इंग्रजीत लिहिला, पण मला मराठीत वाचून दाखवला. मार्गाची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर, एकेरी लाइन, गेज ७६२ मिलिमीटर. त्याची सूचना अशी की एकाच जमिनीवर दोन काळ करावेत: एक १९८४ चा, एक आजचा. खेळणाऱ्यानं हवा तो निवडावा. आजच्या काळात १६७६ मिलिमीटरचे रूळ, विजेचं एंजिन, लांब गाडी. तेव्हाच्या काळात छोटं एंजिन, पाच-सहा डबे आणि व्हॅक्यूमचे ब्रेक, जे हवेच्या ब्रेकांसारखे चटकन धरत नाहीत. फलाट दिसायच्या कितीतरी आधी हात चालवावा लागतो. तो जुना खेळ आला तेव्हा त्यात रूळ एकाच मापाचे होते, परदेशातले. आपल्याकडच्या पोरांनी हौसेनं डब्ल्यूडीएम-२ एंजिनं बनवली, पण ती त्या अरुंद रुळांवरच पळवावी लागत. आता ओपन रेल्ससारखे फुकट मिळणारे खेळ आहेत, त्यांत जुने मार्गही चालतात आणि नवी मापं बसवणं जमतं. भाच्याची पोटतिडीक अशी, की जे रूळ जमिनीवर आता घालता येणार नाहीत ते निदान इथं खऱ्या मापानं पडावेत.

शेवटचं पान माझं होतं. त्यात मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली अशी की कुर्डुवाडीला मोठी गाडी उशिरा आली तर छोटी थांबली पाहिजे. आमच्या वेळी थांबायची. सोलापूरकडून येणारी माणसं पूल उतरून धावत येईपर्यंत एंजिन नुसतं फुसफुसत उभं असायचं. अशा खेळात उशीर झाला की गुण कापतात. मी लिहिलं की इथे कापू नयेत, द्यावेत.

दुसरी मागणी मोडनिंबच्या गार्डाची. तिथे गाडी सुटायची वेळ झाल्यावर एक मुलगी पळत येताना दिसावी, आणि ती पायरीवर चढेपर्यंत झेंडी उलगडू नये.

त्या मंडळींनी पुष्कळ चर्चा केली. मुंबईचा मार्ग ते करणारच आहेत, त्याचं काम मोठं आहे, वर्षं लागतील. पण छोटा आणि वेगळा म्हणून हा मार्ग आधी हातात घ्यायचं ठरलं. एक जण म्हणे हट्टाला पेटला होता की गुणांचा नियम बदलता येणार नाही. मग त्याच्याच आईनं त्याला विचारलं की आपण कल्याणला असताना तुझे बाबा रोज कुठल्या लोकलनं जायचे, आणि ती चुकली की काय व्हायचं. त्यानंतर तो गप्प झाला आणि त्यानंच झेंडीचं काम अंगावर घेतलं.

दिवाळीत भाचा अकलूजला आला तेव्हा लॅपटॉपवर कुर्डुवाडी ते मोडनिंब एवढा तुकडा तयार होता. घरातली सगळी मंडळी मागे उभी राहिली. त्यानं मला खुर्चीवर बसवलं. कारखान्याचं धुराडं नीट जमलं होतं. मामांचं क्वार्टर नव्हतं, नुसती एका आकाराची घरं होती, पण तिसरं घर आपलं असं मी मनात धरलं. गाडी निघाली. शाळू कललेला नव्हता, सरळ उभा होता. त्यानं मान हलवून वहीत नोंद केली. चढावर एंजिनाचा आवाज जड झाला आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो तस्साच होता. आवाज त्यानं माथेरानच्या वाफेच्या एंजिनावरून घेतला होता.

मोडनिंब आलं. ब्रेक मी उशिरा लावला, गाडी थोडी पुढे गेली. मुरमाचा पट्टा, स्टेशनची बुटकी इमारत, टोकाला लिंब. मी एंटर दाबलं. पडद्यावर वेळ सरकायला लागला. वेळ भरली, शिट्टी झाली. झेंडी गुंडाळलेलीच होती. डाव्या बाजूला लांब एक ठिपका हलला. त्यांनी तिला दोन्ही वेण्या नीट घातल्या होत्या आणि ओढणी दिली होती.

"एकच वेणी," मी म्हटलं. "आणि ती साडी नेसायची. हात असा मागे." मी माझ्याच वेणीवर हात नेऊन दाखवलं.

"बरं. आणि?"

"लिंब चुकलाय. रुळाच्या फार जवळ आलाय."

"किती लांब होता?"

मी उठले, अंगणात गेले, तुळशीकट्ट्याला पाठ लावून उभी राहिले आणि डोळे मिटून डबा, पायरी, मुरूम असं करत चालायला लागले. सावली पायावर आली तिथे थांबले. भाचा मागून पावलं मोजत होता. अकरा.

"सकाळची सावली का संध्याकाळची?" त्यानं विचारलं.

"संध्याकाळची. परतीच्या गाडीची वाट बघायचो ना तिथं."

तो टेप आणायला आत गेला.